‘एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ मी का सुचवली नाही

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन: तुमच्या अडणाऱ्या विंडोज मशीनसाठी मी सांगितलेली एकही फुकट युटिलिटी काही दुरुस्त करत नाही, नुसते आकडे आणि याद्या दाखवते, आणि ऑटोरन्ससारखं (विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं) हत्यार नवख्याच्या हाती देणं धोक्याचं आहे.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी, ते जपून कसं वापरायचं हे सांगायचं राहिलं. ऑटोरन्समध्ये नोंद डिलीट करायची नसते, फक्त टिक काढायची आणि मशीन रीस्टार्ट करून बघायचं. काही अडलं तर टिक परत लावता येते. त्याआधी ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ चालू ठेवायचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी यादीत दिसत नाहीत. आणि पिवळी ओळ म्हणजे व्हायरस नव्हे, ती फाइल जागेवर सापडली नाही एवढंच! (मीही एके काळी पिवळं दिसलं की घाबरायचो.)

पहिला आक्षेप मात्र पटत नाही. का, ते एका किश्श्यातून सांगतो. ऑटोरन्स मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स या युटिलिटींच्या साइटचं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी रुसिनोविचना स्वतःच्याच मशीनवर सोनी बीएमजीच्या ऑडिओ सीडीने लपवलेलं रूटकिट, म्हणजे विंडोजपासून स्वतःला दडवणारं सॉफ्टवेअर, सापडलं. ते दाखवलं त्यांच्याच रूटकिटरिव्हीलर या युटिलिटीने. त्यांनी त्या फाइल्स हाताने काढल्या, तर सीडी ड्राइव्हच गायब झाला! तो परत आणायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, शिरावं लागलं. त्यांच्यासारख्या जाणकाराची ही गत, तर ‘सगळं आपोआप साफ करतो’ म्हणणाऱ्या क्लीनरवर मी कसा भरवसा ठेवू?

तुम्ही लिहिलंय की क्लीनर दोनदा फिरवूनही मशीन मधेच गोठतं आणि फाइल कॉपी करताना अडतं. याला डिस्क, रॅम, ड्रायव्हर, काहीही कारण असू शकतं आणि बाहेरून सगळं सारखंच दिसतं. कॉपी करताना अडतंय म्हणून माझा पहिला संशय डिस्कवर. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ची ओळ बघा. तिथला आकडा शून्य नसेल, तर काही सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. मग क्लीनर, डीफ्रॅग सगळं थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. एक मेख: ही युटिलिटी तो आकडा सहसा हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याची पद्धत) दाखवते, म्हणजे शेवटी १० दिसले तर ते सोळा.

डिस्क ठीक निघाली तर मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. ते विंडोज सुरू न करताच रॅम तपासतं, त्यामुळे तिथे एरर आली तर विंडोजला दोष देता येत नाही.

डिस्कच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट इथेच टाका, सीरियल नंबर झाकून.