‘दम असेल तर पुढे जातातच’ : मग कमला भागवतांना दारात का अडवलं?

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला चार गटांतून आला आणि त्यातला एक गट शिक्षकांचा होता, म्हणून हे लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा: ‘विज्ञानात स्त्री-पुरुष भेद कधीच नव्हता. मेरी क्युरीला तर दोनदा नोबेल मिळालं. जिच्यात दम असतो ती पुढे जातेच. मुलींना मुळात संशोधनाची आवड नसते, त्यांचे पेपरही कमी असतात, आणि मूल झालं की त्या आपणहून सोडून देतात. आता तर इस्रो बायकाच चालवतात. मग त्यांच्यासाठी वेगळ्या योजना काढून गुणवत्तेला धक्का कशाला?’

आधी मेरी क्युरी. दोन नोबेलं खरी आहेत, 1903 चं आणि 1911 चं. पण 1903 साली फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत नावं होती आंरी बेकरेल आणि पिएर क्युरी यांची. मेरीचं नाव त्यात नव्हतं. मिटाग-लेफ्लर नावाच्या स्वीडिश गणितज्ञाने हे पिएर यांना कळवलं, आणि काम आम्हा दोघांचं आहे असं पिएर यांनी ठामपणे लिहिल्यावर तिचं नाव जोडलं गेलं. नवरा गप्प बसला असता, तर आज आपण हे उदाहरण देऊ शकलो नसतो. 1911 च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने तिला थोड्या मतांनी सदस्यत्व नाकारलं, आणि त्याच वर्षाअखेर तिला दुसरं नोबेल मिळालं. 1901 ते 2025 या काळात भौतिकशास्त्राचं नोबेल सव्वादोनशेच्या आसपास लोकांना मिळालं, त्यांत स्त्रिया पाच. मेरीनंतर दुसरी स्त्री यायला 60 वर्षं लागली आणि तिच्यानंतर तिसरी यायला 55. ती दुसरी म्हणजे मारिया गोपर्ट-मायर. अणुकेंद्राच्या रचनेवरचं ज्या कामासाठी तिला 1963 चं नोबेल मिळालं, ते तिने केलं तेव्हा शिकागो विद्यापीठातलं तिचं पद बिनपगारी होतं. पगार मिळायचा तो शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या अर्धवेळ कामाचा. पूर्ण पगाराची प्राध्यापकी तिला 1960 साली मिळाली.

‘जिच्यात दम असतो ती पुढे जातेच’ या वाक्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण त्याचं उत्तर आपल्याच घरातलं आहे. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 1933 साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. ज्यांच्या शोधासाठी आपण हा विज्ञान दिन पाळतो, तेच. मुलगी आहे म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, कारण विचारलं, हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वर्गात मुलींना सांगताना माझा आवाज आजही चढतो. ज्याचं लक्ष उडतं त्याला कसलीच अट नाही, आणि जी काम करायला आली तिला मात्र आहे.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिने दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, मग केंब्रिजला गेली, आणि पेशींच्या श्वसनाच्या साखळीतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं हे दाखवून 1939 साली पीएच.डी. घेऊन परतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर आणि कुपोषित मुलांच्या आहारावर तिने काम केलं. तिच्यात दम होता, ती पुढे गेली, हे खरंच. पण त्याच दारातून आत जाणाऱ्या मुलांना पहिलं वर्ष अटीवर काढावं लागलं नाही. आणि जी मुलगी नकाराचं पत्र वाचून मुकाट्याने घरी बसली असेल, तिची नोंद कुठल्याच यादीत सापडणार नाही. मग तिच्यात दम नव्हता, हे ठरवायचं कशावरून?

रामन यांच्याच प्रयोगशाळेत 1940 साली अ‍ॅना मणी आल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला. एम.एस्सी. नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी हवामानाची उपकरणं देशातच बनवण्याचं काम उभं केलं आणि त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, पण डॉक्टर ही पदवी नावामागे लागलीच नाही.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर 2012 साली अमेरिकेत झालेला प्रयोग घ्या. विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्यांच्या अर्जावर जॉन हे नाव होतं, बाकीच्यांच्या अर्जावर जेनिफर. बाकी अक्षरन् अक्षर सारखं. जॉन जास्त लायक ठरला, आणि त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी 30,238 डॉलर होता, तिला 26,508. परीक्षकांमधल्या स्त्रियांनीही हेच केलं. याच्या उलट निकालही आहे, तो लपवणं बरोबर नाही: 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात प्राध्यापकपदासाठी तुल्यबळ उमेदवारांत स्त्रीला अधिक पसंती मिळाली. सगळीकडे, प्रत्येक पायरीवर सारखाच भेद होतो असा माझा दावा नाहीच. मजकूर म्हणतो ‘कधीच नव्हता’, आणि ते खोटं आहे.

आवडीचं थोडक्यात. आपल्या देशात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मुली 43 टक्क्यांच्या आसपास आहेत. मी शिकवते त्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या वर्गात त्या निम्म्याहून जास्त असतात. आणि 2018 च्या सरकारी आकडेवारीत संशोधन-विकासाच्या कामातल्या स्त्रिया 16.6 टक्के. आवड नसती तर गळती पहिल्याच पायरीवर दिसली असती. ती दिसते पदवीनंतर, कायमच्या जागा वाटल्या जातात तिथे.

पेपर कमी? 2020 साली 83 देशांतल्या संशोधकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की वर्षाला किती पेपर, यात स्त्री-पुरुषांत जवळजवळ फरक नाही. एकूण बेरजेत फरक पडतो तो स्त्रिया लवकर बाहेर पडतात म्हणून. शिवाय नावच न येण्याचा प्रश्न आहे: 2022 च्या अभ्यासानुसार एकाच चमूत काम करूनही स्त्रीचं नाव शोधनिबंधावर येण्याची शक्यता 13 टक्क्यांनी आणि पेटंटवर येण्याची 58 टक्क्यांनी कमी होती.

मग ‘आपणहून सोडतात’ याचा अर्थ काय? वयाचं गणित मांडून बघा. पीएच.डी. संपते तिशीच्या आसपास, मग पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, दोन-चार वर्षं, बऱ्याचदा परगावी किंवा परदेशी, आणि तीही कंत्राटी. मूल होण्याचं वयही तेच. शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या भटनागर या राष्ट्रीय पुरस्काराला 45 ची वयोमर्यादा होती. 1958 पासून साडेपाचशेहून अधिक जणांना तो मिळाला, त्यांत स्त्रिया वीसच्या घरात. 1961 साली असीमा चॅटर्जी यांना मिळाल्यावर पुढच्या स्त्रीला, अर्चना शर्मांना, मिळायला 1975 उजाडलं. मला स्वतःला एका संस्थेतल्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला होता, ‘लग्न ठरलंय का?’ माझ्याआधी आत जाऊन आलेल्या मुलाला बाहेर विचारलं, तर त्याला प्रबंधाबद्दल विचारलं होतं. तेव्हा मी काही बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

इस्रोचं म्हणाल तर चांद्रयान-2 मोहिमेच्या रितू करिधाल, एम. वनिता यांचं काम मोठंच आहे. पण इस्रोच्या अध्यक्षपदी आजवर एकही स्त्री बसलेली नाही. 1942 च्या सीएसआयआरला, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला, पहिली महिला महासंचालक 2022 साली मिळाली, एन. कलैसेल्वी. 1935 च्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीला पहिली महिला अध्यक्ष 2020 साली, चंद्रिमा शहा.

राहिल्या ‘वेगळ्या योजना’. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना म्हणजे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रीला काही वर्षांपुरतं मिळणारं प्रकल्प-अनुदान. त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो, तो तज्ज्ञ तपासतात, आणि शेवटी कायमची जागा मिळतच नाही. गुणवत्तेची खरंच काळजी असेल त्यांनी हबल या अंतराळातल्या दुर्बिणीचं उदाहरण बघावं. तिथे निरीक्षणाचा वेळ मिळवायला जगभरातून प्रस्ताव येतात आणि वर्षानुवर्षं पुरुषांच्या प्रस्तावांना मंजुरी थोडी जास्त मिळायची. 2018 साली परीक्षकांपासून नावं लपवली. ‘आम्ही याआधी दाखवलं आहे’ अशी वाक्यंही प्रस्तावातून काढायला सांगितली, म्हणजे कोण बोलतंय ते कळू नये. कोणाला एक गुणही वाढवून दिला नाही. त्या फेरीत स्त्रियांचे 8.7 टक्के प्रस्ताव मंजूर झाले आणि पुरुषांचे 8.0.