सलग पाच छापे पडले म्हणून सहावा काटा नसतो

परवा रात्री वहिनीने एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, हे खरं आहे का? सरांना सांगून हा भाग गाळायला लावू का?" भाचा आठवीत आहे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता मोजणं, हे जुगाराचं गणित, या वयात ते डोक्यात शिरत नाही, आणि 'निसर्ग तोल साधतो' हे सगळ्यांना ठाऊकच असतं, मग शिकवायचं काय?

मी सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते. माझा राग आहे तो तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणून आधी तोच घेते. मेसेजमधली वाक्यं अशी: "सलग पाच वेळा छापा पडला की सहाव्यांदा काटा पडणारच. तीन मुली झाल्या की चौथा मुलगा होतोच."

नाही होत. पाच छापे पडल्यावर नाण्यात काय बदललं? काहीच नाही. सहाव्यांदाही छाप्याची शक्यता तेवढीच. मग शेवटी निम्मे-निम्मे कसे होतात? जॉन केरिच हे गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होते. तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली. छापे पडले ५,०६७. म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ जास्त, आणि ते जास्तच राहिले. तरी प्रमाण ५०.६७ टक्के, कारण दहा हजारांत ६७ विरून जातात. नाणं मागची उधारी फेडत नाही. तोल साधला जातो तो असा, आणि सातवी-आठवीच्या मुलांना हे नीट कळतं.

आता मुलींचं. जन्मात मुलगे किंचित जास्त असतात, साधारण १०० मुलींमागे १०५. पण आधीच्या तीन मुलींमुळे चौथ्या वेळी त्यात भर पडत नाही. "आता होईलच" म्हणत बाईला पुन्हा बाळंतपणात ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींची नावं आपल्याकडे 'नकुशी' ठेवली जात. २०११ मध्ये साताऱ्यात अशा मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. मुलींचा नकोसेपणा गणिताने जाणार नाही, मान्य. पण त्याला गणिताचा खोटा आधार तरी देऊ नका. वहिनी, हे वाक्य तू चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलंस याचं मला फार वाईट वाटलं.

जुगाराचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींचा पत्रव्यवहार अर्ध्यावर मोडलेल्या डावाचे पैसे कसे वाटायचे यावरच झाला. पण आपल्या महाभारतात द्यूतात राज्य घालवलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकवतो, आणि ते शिकल्यावर नळ सावरतो. आजच्या आकड्याच्या जुगारात दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावून नऊ मिळत असतील, तर दहाही आकड्यांवर रुपया लावून बघा: दहा गेले, नऊ आले. एवढा हिशेब आठवीतल्या मुलाने केला तर तो आकडा लावायला जाईल की थांबेल?

राहिलं वय. अपूर्णांक कच्चे असताना नुसतं सूत्र घोकून घेणार असाल तर मेसेजवाल्याचं बरोबर आहे, ते शिरत नाहीच. पण वय वाढलं की समज आपोआप येते, हे चूक. फिशबाइन आणि श्नार्क या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संभाव्यता न शिकलेल्या पाचवी, सातवी, नववी, अकरावीच्या मुलांना विचारलं: तीन नाण्यांत किमान दोन छापे आणि तीनशे वेळांत किमान दोनशे छापे, यांत जास्त शक्य काय? पहिल्याची शक्यता निम्मी, दुसरं जवळजवळ अशक्य. 'दोन्ही सारखंच' म्हणणाऱ्यांचं प्रमाण इयत्तेबरोबर वाढत गेलं! दहावीच्या बीजगणितात संभाव्यता येते तोवर थांबायचं म्हणजे ही चूक मुरू द्यायची.

वहिनी, सरांना काही सांगू नकोस. रविवारी भाच्याला आधी मनाने शंभर छापे-काटे लिहायला लाव, मग खरं नाणं शंभर वेळा उडवून लिहायला लाव. खऱ्या यादीत सलग पाच सारखे जवळजवळ हमखास सापडतील, मनाच्या यादीत बहुधा नाही. दोन्ही कागद मला पाठव, कुठला खरा ते मी सांगते.