पाच पॉइंट आठ

परवा संध्याकाळपर्यंत मी ठणठणीत होतो. ऑफिसने फुकटात फुल बॉडी चेकअप लावला म्हणून रक्त दिलं. सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये रिपोर्ट आणायला गेलो, तर काउंटरवरच्या पोरीने पुढे केलेलं पाकीट मधल्यामध्ये एका काकांनी धरलं. वाटलं, चुकून. छे! उघडून वाचायलाच लागले.

"एचबीएवनसी पाच पॉइंट आठ! आलात की मग आमच्यात!"

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा. बाकावरची सगळी मंडळी वळून बघायला लागली. काकांचं चादरींचं दुकान. ते आता मुलं बघतात, काका रिपोर्ट बघतात. मांडीवरची फाईल खतावणीसारखी, वर्षावार लावलेली.

"काय त्रास होऊलालाय?"

"काहीच नाही."

"बघा! साखरेचं असंच असतंय. त्रास नाही म्हणजे नक्कीच."

मी चिडून विचारलं, "तुमची तब्येत कशी?" काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"रात्री झोप ब्याऐंशी."

"म्हणजे चांगली?"

"मला वाटलं, डोळ्याला डोळा लागला नाही. पण घड्याळ म्हणूलालंय लागली, तर लागली असंल की."

५.७ पासून प्री-डायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. ही हद्द कोणीतरी बसून आखलेली असते हो! उपाशीपोटीच्या साखरेची ११० होती. २००३ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १०० वर आणली आणि १०५ वाले झोपेतच काठावरचे पेशंट झाले. वरचा रक्तदाब १४० पर्यंत चालायचा, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी तोही १३० केला. लवकर कळलेलं बरं, मान्य. पण तेच रक्त दुसऱ्या मशीनवर ५.६ दाखवू शकतं, अंगात लोह कमी असलं तरी हा आकडा चढू शकतो, हे त्या ठळक अक्षरांखाली कोण छापतंय?

डॉक्टरांनी तरी काल माझ्याकडे बघावं! मी जीभ दाखवायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी कागद बघितला, "रोज चाला" म्हणाले आणि घंटी वाजवली. त्या कागदालाच पाठवायचं होतं, फी वाचली नसती, पण रिक्षाभाडं तरी वाचलं असतं.

घरी शेंगाचटणी वाचली, चहातली साखर गेली. काकांनी लॅबमध्येच माझा नंबर घेतला होता. आज पहाटे साडेपाचला मेसेज: "फास्टिंग किती?" गुड मॉर्निंग नाही, काही नाही. ब्लॉकच करणार होतो. पण खाली त्यांनी ग्लुकोमीटर कुठे स्वस्त मिळतो ते टाकलंय.