आडव्या बागेची साक्ष

मे महिना लागला की आमच्या खान्देशातल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येणार, हे मी ओक्लाहोमात बसून सांगू शकतो. आधी पंचेचाळिशीला टेकलेल्या पाऱ्याचे फोटो. मग एखाद्या संध्याकाळी सातपुड्याकडून काळंभोर आभाळ उतरतं, अर्धा तास धिंगाणा घालतं आणि सकाळी ग्रुपभर आडव्या झालेल्या केळीच्या बागा. त्यात एक व्हिडिओ हमखास असतो. उघड्या रानात धुळीचा खांब गरगर फिरतोय आणि खाली कुणीतरी लिहिलंय, ‘रावेर तालुक्यात टोर्नेडो!’ लगेच वाद जुंपतो. एक गट म्हणतो, हवामान बिघडलं, आता आपलंही अमेरिकेसारखं होणार. दुसरा म्हणतो, मग अमेरिकेसारखे भोंगे बसवा, तळघरं बांधा. तिसऱ्या गटाला फक्त विम्याचे पैसे कधी येणार ते हवं असतं. शेवटी कुणीतरी मला ओढतं, ‘तिकडचे भाऊ काय म्हणता?’

तिकडचा भाऊ ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिण टोकाला राहतो. मूर नावाचं शहर तिथून हाकेच्या अंतरावर. टोर्नेडोवर चार शब्द बोलायला तेवढी लायकी पुरे झाली.

तो धुळीचा खांब आधी निकालात काढू. ती वावटळ. भर उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवा गरगरत वर जाते, डोक्यावर ढगही नसतो. टोर्नेडो हा वाऱ्याचा भोवरा गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत लोंबतो. भारतात तो होतच नाही असं नाही. १९७८ च्या मार्चमध्ये दिल्लीत झाला, २०२३ च्या मार्चमध्ये पंजाबात फाजिल्काला, ३१ मार्च २०२४ ला बंगालमध्ये जलपायगुडीकडे. जगातला सगळ्यात जीवघेणा मानला जाणारा टोर्नेडो तर शेजारच्या बांगलादेशातला, २६ एप्रिल १९८९ चा, सुमारे तेराशे माणसं गेली. पण आमची केळी दरसाल झोपवतो तो सहसा वेगळाच वारा असतो. ढगातला पाऊस कोरड्या हवेतून पडताना वाटेतच विरतो, हवा एकदम गार आणि जड होते, तिचा लोट जमिनीवर आदळतो आणि चहूकडे पसरतो. पाच-दहा मिनिटांचा खेळ. एका शिवारात बाग भुईसपाट आणि नाल्यापलीकडे पानही फाटलेलं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

या पाच-दहा मिनिटांवर आणि त्या नाल्यावर मी पुढे येतो. आधी इकडचं.

२० मे २०१३, सोमवार. दुपारी दोन चाळीसला राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आला, भोंगे वाजले आणि ऑफिसातले आम्ही सगळे तळमजल्यावर जिन्याखाली कोंबून बसलो. टोर्नेडो आमच्यावरून गेला नाही. मूरमधून गेला. जवळपास चाळीस मिनिटं जमिनीवर, काही ठिकाणी दीड किलोमीटरहून जास्त रुंद. चोवीस माणसं गेली, त्यातली सात मुलं प्लाझा टॉवर्स या एकाच शाळेतली. टोर्नेडोच्या राज्यातली शाळा आणि तिला सुरक्षित खोली नव्हती! आणि हे पहिल्यांदा होत होतं असंही नाही. ३ मे १९९९ ला याच शहरातून असाच एक गेला होता आणि तेव्हा ट्रकवर बसवलेल्या फिरत्या रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग टिपला होता. अमेरिकेचं कौतुक सांगणाऱ्यांनी ही शाळा विसरू नये.

त्या आठवड्यात आम्ही काहीजण ढिगारे उपसायला गेलो. चिरलेल्या लाकडाचा आणि गॅसचा वास सगळीकडे. साल सोलून निघालेली झाडं आणि त्यांच्या काट्याकुट्यांत अडकलेली भिंतीतली गुलाबी काचलोकर. एका घराची नुसती फरशी उरलेली, शेजारच्या घराचं एकच कपाट उभं, त्यात हँगरला इस्त्रीचे शर्ट जसेच्या तसे.

तिथे दोन माणसं वही घेऊन हिंडत होती. मला वाटलं विमावाले. ते हवामान सेवेचे निघाले. त्यातला एकजण उघड्या फरशीच्या कडेला उकिडवा बसला आणि काँक्रीटमधून वर आलेला बोल्ट अंगठ्याने चाचपू लागला. बोल्टला नट आहे का, खाली वॉशर आहे का, की भिंत नुसती खिळ्यांवर उभी होती? बोल्ट वाकला कुठल्या बाजूला? असं दर घराशी. मी विचारलं, रडारवर सगळं दिसतच असेल, मग हे कशाला? तो म्हणाला, घराजवळचा वारा रडारला दिसत नाही. तो या घरालाच विचारावा लागतो.

टोर्नेडोची जी श्रेणी आपण बातम्यांत ऐकतो, ईएफ-शून्य ते ईएफ-पाच, ती यंत्राने मोजलेली नसते. ती नुकसान वाचून काढलेली असते. त्यासाठी अठ्ठावीस खुणांची यादी आहे. राहतं घर, शाळा, विजेचा खांब, शेतातलं कोठार, रुंद पानांचं झाड, सूचिपर्णी झाड. प्रत्येक किती मोडलं त्यावरून वारा किती असावा याचा अंदाज. बोल्टने नीट आवळलेलं घर साफ वाहून गेलं तर ताशी ३२० किलोमीटरच्या पुढचा वारा. तेच घर खिळ्यांवर असेल तर कमी. ही पद्धत बसवली तेत्सुया फुजिता या जपानी माणसाने. नागासाकीवर बॉम्ब पडल्यावर तो तिथे पाहणीला गेला होता. पुढे शिकागोला आला, १९७१ मध्ये त्याची पट्टी आली, २००७ पासून तिची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे ही ईएफ, वापरात आहे. खान्देशाच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९७४ मध्ये टोर्नेडोंचं नुकसान विमानातून बघताना त्याला एका जंगलात झाडं फिरकीने नव्हे, तर एका बिंदूपासून चहूकडे चांदणीसारखी पडलेली दिसली. वरून आदळणाऱ्या हवेच्या लोटाची कल्पना त्याला तिथून सुचली. बरेच तज्ज्ञ आधी मानेनात. पण पुढे विमानं पडण्याचं एक मोठं कारण तेच निघालं आणि विमानतळांवर खास रडार बसली. झाडं कुठल्या दिशेला पडली, एवढंच तर त्याने आधी पाहिलं होतं.

आता गावी चला. केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात थंडीचा, उन्हाचा आणि वेगाच्या वाऱ्याचा धोका धरलेला असतो. वाऱ्याची अट ताशी ४० किलोमीटरची. तेवढा वारा महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदला पाहिजे, शेतकऱ्याने ७२ तासांत कळवलं पाहिजे, मग पंचनामा. एका मंडळात गावं कितीतरी आणि यंत्र एक. हवेचा लोट दोन-तीन किलोमीटरचा, तो यंत्राला चुकवून गेला तर वारा आलाच नाही!

माझ्या चुलतभावाचं, दादाचं, असंच झालं. निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग, घड भरलेले, सावद्याच्या व्यापाऱ्याशी दराचं बोलणं झालेलं. एका संध्याकाळी सगळी आडवी. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी आणि आत पाणीच पाणी. वर वीस-बावीस किलोंचा घड, मुळं वरवर. जमीन कोरडी असेल तर खोड मध्येच मोडतं, ओली असेल तर कंदासकट उन्मळतं. विमा कंपनीच्या माणसाने मोबाइलमधला आकडा दाखवला, मंडळातला वारा चाळिशीच्या आत. दादा त्याला म्हणाला, ‘भाऊ, वारा नव्हता तर माही केळी काय लाजून पडली का?’

मला इकडे येऊन खटकलं ते हेच. इथे मोडलेल्या घरावरून वारा ठरवतात. आमच्याकडे वाऱ्याच्या आकड्यावरून ठरतं की बाग मोडली की नाही. भोंग्यांचा, तळघरांचा हेवा मला फारसा वाटत नाही. त्या उकिडव्या बसलेल्या माणसाचा वाटतो.

राहिलेल्या दोन वादांबद्दल थोडक्यात. ‘तिकडे घरं लाकडाची म्हणून उडतात, विटांची बांधा की’ हे मला प्रत्येक लग्नात कुणीतरी मामा ऐकवतात. मूरमधल्या बहुतेक घरांना बाहेरून विटाच होत्या, त्या अंगणात आडव्या पडल्या होत्या. २०११ मध्ये जॉप्लिन शहरात एका मोठ्या दुकानाच्या काँक्रीटच्या भिंती माणसांवर कोसळल्या. भिंत कशाची आहे यापेक्षा ती छताला आणि पायाला किती घट्ट बांधली आहे याला महत्त्व. मूरने २०१४ मध्ये नियम केला, नवीन घर ताशी २१७ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकलं पाहिजे. म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या, जास्त खिळे, गॅरेजचं भक्कम दार. मोठ्या टोर्नेडोपुढे तेही टिकणार नाही, पण बहुतेक टोर्नेडो लहानच असतात. आमच्या गावात पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. पत्रा उडतोच आणि दगड खाटेवर येतो. हुकचे बोल्ट कितीला मिळतात हो?

आणि भोंगे. ते माणसं वाचवायला, घराबाहेर असलेल्यांना सावध करायला. आमच्याकडच्या वादळात माणूस मरतो तो बहुतेक वीज पडून, झाड पडून, नाहीतर पत्रा लागून. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, ते आधी सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. केळीला भोंगा ऐकून कुठे जायचं आहे?

माझ्या बोलण्यातलं कच्चं टोक मलाही माहीत आहे. मूरच्या पाठोपाठ ३१ मे २०१३ ला संध्याकाळी एल रेनोजवळ ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो झाला, इतका रुंद दुसरा कुठे नोंदलेला नाही. ते वादळ शहराकडे सरकत होतं. शेजारच्या आजींनी आम्हाला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं. फरशीखाली लोखंडी पेटी, वर सरकतं झाकण, आत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून, पोराच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट. टोर्नेडो शहराच्या आधीच विरला, पण पाऊस असा कोसळला की पेटीत पाणी शिरतंय की काय याचीच धास्ती जास्त. त्या टोर्नेडोने तीन निष्णात अभ्यासकांचा जीव घेतला, टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग. फिरत्या रडारने त्यात ४८० च्या आसपास वेग टिपला. तरी श्रेणी शेवटी ईएफ-तीनच ठरली, कारण तो बहुतेक उघड्या शेतांतून गेला, मोडायला घरंच नव्हती. म्हणजे नुकसान वाचण्याची पद्धतही तोकडी पडते. पण त्या श्रेणीवर कुणाचे विम्याचे पैसे अडले नाहीत. घराचा विमावाला छतावर चढून छत बघतो. तो वाऱ्याचा आकडा मागत बसत नाही. (तो दुसऱ्या वाटेने छळतो. वादळाच्या दाव्यात घराच्या किमतीचा ठरावीक टक्का आधी आपल्याच खिशातून. गारांनी पडलेले खड्डे जुने की नवे यावर महिनाभर हुज्जत.)

यंत्राची बाजूही खोटी नाही. यंत्र लाच घेत नाही. पंचनाम्यात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, आणि नुकसान सरकारी मदतीच्या ३३ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत की बाहेर हे कधीकधी चहापाण्यावर ठरतं, असं गावात उघड बोलतात. म्हणूनच आकडा आला. अमेरिकेतही कुरणांसाठी पावसाच्या आकड्यावर चालणारा विमा आहे, आणि ‘माझ्या रानात पाऊस नाही, तुमच्या नकाशावरच्या चौकोनात आहे’ हे रडगाणं इथल्या पशुपालकांकडूनही ऐकू येतं. तेव्हा यंत्र काढून टाका असं मी म्हणत नाही. यंत्राचा आकडा आणि मोडलेली बाग यांचं जमत नसेल, तर बागेचीही साक्ष घ्या, एवढंच.

त्यासाठी केळीची स्वतःची पट्टी हवी. पानं चिरली, खोड कललं, मध्ये मोडलं, कंदासकट उपटलं. निसवण झाली होती का, घड किती दिवसांचा, पाणी कधी दिलं होतं, बांधाला शेवरी किंवा गजराज गवत होतं का, टेके होते का. अशा वेळी किती वाऱ्याला काय होतं, हे जळगावचं केळी संशोधन केंद्र आणि पालचं कृषी विज्ञान केंद्र दोन-तीन हंगामांत बसवू शकेल. बागा तिथे, वारा तिथे, शेतकरी तिथे. आणि पंचनाम्यात एक रकाना वाढवा, खोडं कुठल्या दिशेला पडली. शेजारपाजारच्या पाच-दहा शेतांच्या दिशा कागदावर मांडल्या की लोट कुठे आदळला ते उघड दिसेल. खोटी नोंद लगेच वेगळी पडेल, कारण दिशा काही सगळ्या गावाला ठरवून लिहिता येत नाहीत. चहापाण्यावरही हा थोडाफार उतारा आहे.

ग्रुपवर हे लिहिलं तर तिसऱ्या गटातल्या एकाने विचारलं, ‘म्हणजे पैसे कधी येतील?’ दादाने मात्र पुढच्या वादळानंतर फोनमधलं होकायंत्र लावून बागेच्या चारी कोपऱ्यांतून फोटो काढले. खोडं सगळी एका अंगाला, आग्नेयेकडे. नाल्याकडच्या ओळी दक्षिणेकडे. कृषी सहायकाने फोटो नीट पाहिले, चांगले आहेत म्हणाला, आणि अर्जात ते डकवायला जागा नाही म्हणून परत दिले.