बेवारस आस

"हा ट्रॅक्टरचा आहे," असं शेजारचे काका आज सकाळी चौथ्यांदा म्हणाले आणि माझ्या हातातला पाना माझ्याच पायावर पडला. अंगठा अजून ठणकतोय. दुखणं ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

एका जुन्या गाडीच्या सांगाड्याबरोबर मला मागचा ॲक्सल मिळाला. सांगाडा एका गाडीचा, ॲक्सल भलत्याच गाडीचा. विकणाऱ्यानं "व्हिंटेज आहे" एवढीच वंशावळ सांगितली. मराठीत ॲक्सलला आस म्हणतात. आशेलाही आसच म्हणतात. भाषा घडवणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की जुन्या गाड्यांच्या नादी लागलेलं असणार.

तर बेवारस इसमाची ओळख पटवतात तसं सुरू केलं. आधी दात. क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, 41, मग 42, मग पुन्हा 41. शेवटी एका दाताला खडू फासून मोजले. क्राउन 41, त्याला फिरवणारं छोटं चाक म्हणजे पिनियन 9, म्हणजे 4.56 चं गुणोत्तर. पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर, हायपॉइड नावाच्या रचनेत असतो तसा खाली सरकलेला नाही. हायपॉइड पॅकार्ड या अमेरिकी मोटार कंपनीनं 1926 मध्ये आणला, पण बाकीच्यांनी तो आपापल्या सवडीनं उचलला, त्यामुळे साल काही हाती लागेना. नटांना व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, पाना चपखल बसला, म्हणजे घराणं इंग्रजी. हा पाना म्हणजे एक स्वतंत्र छळ आहे. वर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं, तोंडाचं नव्हे. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं!

मग दोन तास रॉकेल आणि तारेचा ब्रश. हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, आकडे उमटले. मी ओरडलोच. काका चष्मा पुसत धावत आले.

"अरे, नंबर आहे की! लाव फोन."

"काका, हा कास्टिंग नंबर आहे."

"सातच आकडे आहेत. पुढे शून्य लावू?"

त्यांनी खरंच लावला. कानाला धरून, माझ्याकडे बोट दाखवत, गप्प राहण्याची खूण करत उभे राहिले.

"अस्तित्वात नाही म्हणते."

"काका, तो ओतकामाच्या साच्याचा नंबर. एका साच्यातले तुकडे चार वेगवेगळ्या गाड्यांत जाऊ शकतात. पार्ट नंबर निराळा असतो."

"म्हणजे यावरून गाडी कळणार नाही?"

"एकट्या यावरून नाही."

काकांनी फोन खिशात ठेवला. "मग घासलास कशाला एवढा?"

याला उत्तर नव्हतं, अजून नाही. आणि राग काकांचा नाहीच. राग येतो तो गाडी खोलणाऱ्यांचा. चासीवरची प्लेट हौसेनं काढून घेतात, पण ॲक्सलवर खडूनं गाडीचं नाव लिहायचे कष्ट कुणी घेत नाही. जाणकारांना फोटो पाठवावा तर उत्तर येतं, "बॅन्जो टाइप आहे." अहो, तो आकार झाला! हरवलेल्या माणसाबद्दल "उंच होता" म्हणण्यासारखं.

संध्याकाळी काका त्यांच्या मित्राला दाखवायला घेऊन आले. मित्र ॲक्सलभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ट्रकचा दिसतोय."

"ट्रॅक्टरचा आहे!" मी ओरडलो.