सिंक्लेअर सरदाराने अमेरिका शोधली? छे!

‘कोलंबसाच्या ९४ वर्षं आधी, १३९८ मध्ये, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांचा स्कॉटिश सरदार हेन्री सिंक्लेअर ताफा घेऊन अमेरिकेला पोहोचला. तो टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या योद्ध्यांचा वारस होता. पुरावा? त्याच्या घराण्याने स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या रॉझलिन चॅपेलमधली (प्रार्थनाघरातली) मक्याची कणसं, कारण मका मूळचा अमेरिकेचा!’ हा मजकूर मला तिसऱ्यांदा आलाय, म्हणून एकदाचं उत्तर लिहून टाकतो.

सफरीची सगळी भिस्त व्हेनिसमध्ये १५५८ साली छापलेल्या एका पुस्तकावर आहे. निकोलो झेनो नावाच्या गृहस्थाने त्यात आपल्या पूर्वजांची उत्तर समुद्रातली पत्रं दिली. मूळ पत्रं कुठे आहेत? तोच सांगतो, लहानपणी कळत नव्हतं तेव्हा मी ती फाडली, उरलेल्या तुकड्यांवरून हे जुळवलं. बरं, पुस्तकात सिंक्लेअरचं नावसुद्धा नाही. आहे तो ‘झिख्मनी’ नावाचा राजा. हा झिख्मनी म्हणजेच सिंक्लेअर, हा शोध १७८४ मध्ये फॉर्स्टर नावाच्या जर्मन अभ्यासकाने लावला. झिख्मनी फ्रिसलांडा नावाचं बेट नॉर्वेच्या राजाकडून हिसकावतो. असं बेट जगात नाही. पश्चिमेचा नवा देश शोधायला निघालेला हा राजा शेवटी पोहोचतो तो ग्रीनलंडला. म्हणजे पुस्तक खरं मानलं, तरी अमेरिका हाती लागत नाही!

शिवाय लेखकाच्या ज्या पूर्वजाला, थोरल्या निकोलो झेनोला, या कथेत वादळाने उत्तरेत नेऊन टाकलं, त्याच्यावर १३९४ मध्ये व्हेनिसमध्ये अफरातफरीचा खटला चालला होता. ग्रीसमधल्या ठाण्यांचा कारभारी असताना त्याने पैसे खाल्ले, असा आरोप होता.

आता खरा हेन्री. ऑर्क्नी त्याला मिळालं ते आजोळकडून. आई इझाबेला ही ऑर्क्नीच्या अर्ल (म्हणजे तिथला मोठा सरदार) मलिसची मुलगी. मलिसच्या मागे मुलगा नव्हता, मुलीच होत्या. मग काय व्हायचं ते झालं. मावसभाऊ आपसांत भिडले. मलिस स्पारे आणि अलेक्झांडर ऑफ आर्ड, दोघेही दावेदार. ऑर्क्नी तेव्हा नॉर्वेच्या ताब्यात, त्यामुळे निवाडा नॉर्वेच्या राजाकडे. २ ऑगस्ट १३७९ ला मार्स्ट्रांड इथे हाकोन सहाव्याने हेन्रीला अर्लपद दिलं, पण अटी लादून: एक हजार सोन्याची नाणी द्यायची, तीन महिने आधी निरोप आला की शंभर सशस्त्र माणसं घेऊन हजर व्हायचं, राजाला न विचारता किल्ला बांधायचा नाही. एवढी शपथ घेतलेल्या माणसाला नॉर्वेच्या राजाशी लढणारा झिख्मनी कसं म्हणायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. पुढे मलिस स्पारे ऑर्क्नीच्या शेजारच्या शेटलंड बेटांवर मारला गेला. भाऊबंदकी तिकडेही काही कमी नव्हती.

टेम्पलरांबद्दल एकच वाक्य पुरे. १३०९ मध्ये एडिंबराजवळच्या होलीरूडला त्यांची चौकशी झाली, तेव्हा रॉझलिनचे सिंक्लेअर बापलेक त्यांच्या विरोधात साक्ष देऊन आले.

राहिली कणसं. चॅपेलचं काम सुरू झालं १४४६ मध्ये, म्हणजे हेन्रीच्या नातवाच्या, विल्यमच्या, हातून. मीही ती नक्षी मोठी करून पाहिली. कणीस समजून पाहिलं तर कणीस, नाहीतर गव्हाची लोंबी, नाहीतर नुसती वेलबुट्टी. कोलंबसाच्या आधी युरोपातून कुणी गेलंच नव्हतं, असं मात्र नाही. नॉर्स लोक (व्हायकिंग) आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला उतरले होते, आणि त्यांनी १०२१ मध्ये तोडलेलं लाकूड तिथे सापडलंय. पुरावा असा असतो.

हेन्रीचा शेवटही ठाऊक आहे. ऑर्क्नीच्या अर्लांची पंधराव्या शतकातली वंशावळ सांगते, तो आपल्या बेटांचं रक्षण करताना शत्रूंकडून निर्घृणपणे मारला गेला. त्याचा मुलगा, दुसरा हेन्री, १४०६ मध्ये स्कॉटलंडच्या राजपुत्राला फ्रान्सला नेताना इंग्रजांच्या हाती सापडला. आणि चॅपेल बांधणाऱ्या विल्यमला १४७० मध्ये अर्लपद स्कॉटलंडच्या राजाच्या हवाली करावं लागलं. आजोळची ती जहागीर सिंक्लेअरांकडे ९१ वर्षं टिकली.