विदर्भाच्या पोटात ज्वालामुखी नाही, भेगा मात्र आहेत

हिंगोलीकडे धक्का बसला की पुसद-उमरखेडकडच्या गावांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. विदर्भ अखंड काळ्या पाषाणावर आहे, इथे नैसर्गिक भूकंप होऊच शकत नाही. हादरे बसतात ते बोअर मारून जमीन पोकळ केल्यामुळे. उनकेश्वरचं गरम पाणी आणि लोणारचं विवर म्हणजे खाली ज्वालामुखी जागा होतोय. आणि अमुक रात्री मोठा भूकंप येणार, घराबाहेर झोपा. म्हातारी माणसं, लेकरं यानं हैराण होतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'इथे भूकंप होऊच शकत नाही.' जगातले बहुतेक भूकंप आणि ज्वालामुखी भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या मोठ्या तुकड्यांच्या, कडांवर असतात, हे खरं. आपला पट्ट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला धडकतो. त्याच रेट्यानं हिमालय उचलला गेला. आपण त्या कडेपासून लांब, म्हणून आपल्याकडे भूकंप कमी. पण तो रेटा कडेपाशी संपत नाही, सगळ्या पट्टात ताण साठतो आणि जिथे जुनी भेग असेल तिथे मोकळा होतो.

आणि अखंड पाषाण कुठला? काळा दगड हे वरचं आवरण, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. खालची जमीन फार जुनी आणि जागोजागी तुटलेली. वणी, घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा 25 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, भारत आफ्रिका-ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकाला जोडलेला होता तेव्हाचा. जमीन ताणली जाऊन लांबच लांब खोलगट पट्टे खचले, त्यांत जंगलं गाडली गेली. खाणीत काम केलेल्या माणसाला विचारा: सरळ चाललेला कोळशाचा थर मधेच संपतो, पुढे दगड लागतो, आणि तोच थर काही फूट वर नाहीतर खाली सापडतो. खाणकामगार त्याला फॉल्ट म्हणतात. असाच पट्टा गोदावरीच्या बाजूनं तेलंगणात जातो. 4 डिसेंबर 2024 ला सकाळी मुलुगूला 5.3 रिश्टरचा धक्का बसला तेव्हा गडचिरोली, चंद्रपूरच काय, नागपूरपर्यंत भांडी हलली. तिकडे उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा फॉल्ट आहेच.

किल्लारीही काळ्या दगडावरच होती. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 तीव्रतेच्या भूकंपात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

'बोअरमुळे जमीन पोकळ झाली.' आपले बोअर तीनशे-चारशे फुटांचे, फार तर हजार. भूकंपाची सरक काही किलोमीटर खाली होते. शिवाय पाणी कुठल्या तळघरात साठलेलं नसतं, ते मुरमात आणि दगडाच्या फटींत असतं; उपसलं तर विहिरी आटतात, खाली पोकळी होत नाही. पाण्याचा संबंध येतो तो वेगळ्या बाजूनं. कोयनेला धरण भरल्यावर पाण्याचं वजन आणि फटींत मुरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेली भेग सरकली, 1967 चा भूकंप झाला, असं शास्त्रज्ञ मानतात. उपसा थांबवा जरूर, पण तो पाण्यासाठी.

'ज्वालामुखी जागा होतोय.' आपला काळा दगड ज्या उष्ण स्रोतातून वर आला, त्यावरून भारत केव्हाच पुढे सरकला. तो स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली मानला जातो, नागपूरपासून पाच हजार किलोमीटरहून दूर. तिथला ज्वालामुखी अजूनही फुटतो. उनकेश्वरचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. खोल गेलं की दगड गरम असतोच. लोणार तर उल्केच्या आघाताचं.

'अमुक रात्री येणार.' भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारी पद्धत जगात कुठेच नाही. असा मेसेज आला की पुढे पाठवू नका.

किल्लारीत माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि दरवर्षी माती चढवून जड झालेली धाबी अंगावर पडून गेली. वऱ्हाडात अशी धाब्याची घरं अजून आहेत. गळतीवर पुन्हा मातीचा थर देण्याआधी जुनी माती उतरवा, आणि नवं घर बांधताना दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींभोवती सळया घातलेला सलग सिमेंट-काँक्रीटचा पट्टा घाला.